सुतारी बाक : लाकूड धरणारे अवजार

रंधा पुढे ढकलला की त्याच्याबरोबर लाकूडही पुढे सरकू पाहते. हाताच्या हत्यारांनी होणाऱ्या साऱ्या सुतारकामाची मूळ अडचण एवढीच आहे. करवतीखाली लाकूड थरथरते, पटाशीवर मोगरी बसली की उडते, भोक पाडताना गिरकी घेते. हत्याराला धार कितीही चांगली असो, लाकूड जागेवर राहिले नाही तर ती वाया जाते. घरच्या घरी सुतारकाम शिकू पाहणारी माणसे आधी हत्यारे विकत घेतात आणि मग जेवणाच्या टेबलावर, जिन्याच्या पायरीवर, गच्चीच्या कठड्यावर काम करायला जातात. फळी तिरकी कापली जाते, रंधा अडखळतो, काही महिन्यांत उत्साह मावळतो. आपल्या हातात कलाच नाही, असे म्हणून हत्यारांची पेटी माळ्यावर जाते. बहुतेकांच्या हातांचा यात काही दोष नसतो. त्यांच्याकडे लाकूड धरायला काही नसते, एवढेच.

पुढच्या प्रकरणांत एकच वस्तू बांधायची आहे : जड, टणक लाकडाचे, खुंट्या आणि कुसवांनी जोडलेले, घरातल्या लहानशा खोलीत मावेल असे सुतारी बाक. मापे, आराखडे आणि कामाचा क्रम त्या-त्या प्रकरणात येईलच. या प्रस्तावनेत मला सांगायचे आहे ते हे बाक असे का असते याविषयी. पाट एवढा जाड का, पाय पुढच्या कडेशी सपाट का, उंची इतकी कमी का, हे कळले की मापे आपल्या शरीराला, आपल्या जागेला आणि आपल्याला मिळालेल्या लाकडाला जुळवून घेता येतात. कारण न कळता नुसती मापे उतरवून घेतली, तर हाती येते एक भारी किमतीचे टेबल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. उत्तम लाकूडकामाला उभ्याने वापरायचे बाक लागतेच असे नाही. आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला. फळीचे एक टोक भिंतीला किंवा खुंटाला टेकवायचे, दुसरे पायाच्या तळव्याखाली दाबायचे, अंगठा आणि शेजारचे बोट यांत बारीक तुकडा पकडायचा. वाड्यांची महाद्वारे, कोरीव हस्त, देवघरे, बैलगाड्या हे सारे या बैठकीतून घडले. तिथे सुताराचे शरीर हेच बाक असते. पण ही बैठक लहानपणापासून अंगवळणी पडावी लागते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि चाळिशीत रंधा हातात घेणाऱ्या माणसाचे घोटे आणि कंबर तिला साथ देत नाहीत. ज्यांना ती जमते त्यांनी बाकाच्या मागे लागू नये, असे मी मनापासून म्हणेन.

युरोपातही बाक पहिल्यापासून कमरेइतके उंच नव्हते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधल्या एका भित्तिचित्रात दोन पंखधारी बाळे गुडघ्याएवढ्या बुटक्या बाकावर लाकूड कापताना दिसतात. जर्मनीतल्या साल्बुर्ग येथील रोमन किल्ल्याच्या विहिरीतून तशीच बुटकी बाके निघाली. एक जाड ओंडका, त्यात तिरके ठोकलेले चार पाय आणि वर काही भोके. कारागीर त्यावर घोड्यावर बसावे तसा बसायचा आणि स्वतःच्या वजनाने लाकूड दाबायचा. पुढे कामे मोठी झाली, लांब फळ्या एकसारख्या रंधून पाहिजे झाल्या, तसा कारागीर उभा राहिला आणि बाकही उंच झाले.

त्या उंच झालेल्या बाकाचे सर्वांत नेटके चित्र आपल्याला मिळते ते अठराव्या शतकातल्या पॅरिसमधून. आंद्रे-जाकोब रूबो याचा जन्म १७३९ चा. बाप सुतार, आजा सुतार, घरची गरिबी. दिवसा कामावर आणि उरलेल्या वेळात गणित आणि रेखाटन, असे त्याचे शिक्षण झाले. वास्तुविशारद ब्लोंदेल याने त्याची हुशारी ओळखून त्याला शिकवले. फ्रान्सची विज्ञान अकादमी त्या काळी देशातल्या सगळ्या धंद्यांची शास्त्रशुद्ध वर्णने छापून काढत होती. बहुतेक धंद्यांवर लिहिणारे विद्वान होते, स्वतः कारागीर नव्हते. सुतारकामाचे काम मात्र रूबोकडे आले. ‘लार द्यु मनुइझिए’ हा त्याचा ग्रंथ १७६९ ते १७७५ या काळात खंडाखंडाने निघाला. मजकूर त्याचा, चित्रे त्याची, कित्येक ताम्रपटही त्यानेच कोरले. दिवसाची मजुरी सांभाळून एका सुताराने हे केले. पॅरिसच्या धान्यबाजारावरचा लाकडी घुमट १७८२-८३ मध्ये उभा राहिला तेव्हा त्याच्या सुतारकामातही रूबो होता. छोट्या छोट्या फळ्या जोडून उभारलेला तो प्रचंड घुमट पाहून थॉमस जेफरसन थक्क झाला होता. १८०२ मध्ये तो जळाला. रूबो त्याआधीच, १७९१ मध्ये वारला होता. ग्रंथ टिकला, आणि त्यातल्या अकराव्या चित्रपत्रातले बाकही.

ते बाक दिसायला अगदी साधे आहे. एकाच लाकडाचा अखंड पाट, पाच ते सहा इंच जाड, वीस ते चोवीस इंच रुंद, सहा ते बारा फूट लांब. हे इंच जुने फ्रेंच, आपल्या इंचापेक्षा थोडे मोठे. पाट एल्म किंवा बीच लाकडाचा, पाय टणक ओकचे. प्रत्येक पायाच्या डोक्यावर दोन जिभा काढलेल्या : आतली सरळ कुसू आणि बाहेरची डव्हटेलच्या आकाराची. पाट त्यांच्यावर वरून बसतो आणि दोन्ही जिभा पाटाच्या आरपार जाऊन वरच्या पृष्ठभागावर दिसतात. डव्हटेल आतल्या बाजूला रुंद असल्याने पाय पुढे निसटू शकत नाही. पाय खाली, जमिनीपासून थोड्या उंचीवर, आडव्या लाकडांनी बांधलेले. पाटाखाली चौकट नाही, स्क्रू नाही. पाटाची जाडी हीच त्याची ताकद.

या बाकाला मी अवजार म्हणतो ते ते लाकूड कसे पकडते हे पाहून. कोणत्याही फळीला तीन प्रकारच्या बाजू असतात : रुंद तोंड, अरुंद कड आणि आडवे टोक. सुतारकाम म्हणजे या तिन्ही बाजूंवर आळीपाळीने चालणारे काम. बाकाने प्रत्येक बाजू काम करायला मोकळी ठेवून बाकीचे लाकूड घट्ट धरायचे असते. बाक विकत घ्यायचे असो की बांधायचे, माझी कसोटी हीच : एक लांब फळी घ्या आणि तिच्या तिन्ही बाजूंवर काम करून दाखवा. बाजारात मिळणारी अनेक देखणी बाके कडेच्या परीक्षेत नापास होतात.

रुंद तोंड रंधण्यासाठी रूबोच्या बाकाला डाव्या टोकाजवळ एक अडसर असतो. तीन इंच चौकोनी, फूटभर लांब लाकडी खुंट पाटातल्या चौकोनी भोकात घट्ट बसवलेला, त्याच्या डोक्यावर दातेरी लोखंड. खालून मोगरी मारली की तो वर येतो, वरून मारली की खाली जातो. फळी पाटावर नुसती ठेवायची, टोक दात्यांना टेकवायचे आणि रंधा मारायचा. रंध्याचा जोर फळीला अडसरावरच दाबतो. काही आवळायचे नाही, सोडायचे नाही. फळी उलटायची असेल तर उचलून उलटायची. नव्याने शिकणाऱ्याला हे फार अपुरे वाटते. फळी बाजूला घसरेल, असे तो म्हणतो. पहिले काही दिवस ती घसरतेही. मग हात रंधा सरळ रेषेत ढकलायला शिकतो. अडसर शिकवतो तेवढे सरळ ढकलणे दुसरे काही शिकवत नाही, म्हणून सुरुवातीला व्हाइसच्या आधी अडसर बसवा, असा माझा आग्रह आहे.

कडेसाठी पाय पाटाच्या पुढच्या कडेशी अगदी एका सपाटीत ठेवलेले असतात. टेबलाचे पाय आत घेतलेले असतात, कारण टेबलाशी माणूस बसतो आणि त्याचे गुडघे आत जातात. इथे पाय आणि पाटाची कड मिळून एक उभी भिंत तयार होते. लांब फळी तिच्यावर टेकवली, खालून पायातल्या भोकांत खुंट्या घालून तिला आधार दिला आणि पुढचे टोक कडेला डाव्या टोकाशी बसवलेल्या हुकात अडकवले की सहा फुटी दाराच्या चौकटीचे लाकूडही हलत नाही. पाय दोन इंच जरी आत गेले तरी हा सगळा उपयोग नाहीसा होतो. आराखड्यातली इतर मापे गरजेप्रमाणे बदला, पण पाय आणि कड एका सपाटीत हे मात्र बदलू नका.

तिसरे साधन होल्डफास्ट. वाकवलेल्या मानेची एक लोखंडी सळई. पाटातल्या भोकापेक्षा किंचित बारीक असल्याने ती भोकात सैल उतरते. लाकडावर तिची टाच ठेवून डोक्यावर एक हातोडी मारली की सळई भोकात तिरकी अडकते आणि लाकूड जागचे हलत नाही. सोडवायला मानेच्या मागून एक टोला पुरे. यात ना आटे आहेत ना तरफ, आहे ते फक्त लोखंडाची लवचीकता आणि घर्षण. म्हणूनच पाटाच्या जाडीला अर्थ आहे. पातळ फळीत सळई नीट अडकत नाही आणि भोक लवकर झिजते. घरच्या बाकाला साडेतीन ते चार इंच जाडी योग्य, त्यात सळई खात्रीने पकडते. ती गावातला लोहार सहज घडवून देतो. बाजारात आयते मिळते ते ओतीव लोखंडाचे असेल तर घेऊ नका, त्याला लवचीकता नसते.

टोक कापण्यासाठी, डव्हटेल पाडण्यासाठी लेग व्हाइस लागते. तिचा जबडा म्हणजे पायाच्या पुढे उभी केलेली जवळजवळ पायाइतकी लांब फळी. मध्ये मोठा स्क्रू आणि तळाशी भोकांची पट्टी. धरायच्या लाकडाच्या जाडीप्रमाणे त्या पट्टीतली खुंटी पुढेमागे करायची, म्हणजे जबडा वर चिमट्यासारखा समांतर मिटतो. जुन्या काळी स्क्रू लाकडाचा असे. आज कुठल्याही औद्योगिक वसाहतीत लेथवर चौकोनी आट्यांचा लोखंडी स्क्रू कातून मिळतो आणि तो आयुष्यभर पुरतो.

बाके आणखी पुष्कळ आहेत. टोकाला सरकती व्हाइस असलेले जर्मन बाक रूबोने स्वतःच पुढच्या खंडात काढून दाखवले. इंग्लंडमध्ये पीटर निकल्सनने १८१२ मध्ये वर्णिलेले बाक पातळ फळ्यांचे असते. त्याला समोर रुंद आडवी फळी लावून कडकपणा आणलेला असतो. पैसे फार कमी असतील आणि पाइनच्या फळ्या हाताशी असतील तर निकल्सनचे बाक बांधावे, ते चार दिवसांत उभे राहते आणि चांगले काम देते. रूबोचे बाक मात्र विसाव्या शतकात जवळजवळ विसरले गेले होते. स्कॉट लँडिसच्या १९८७ च्या पुस्तकाने जुन्या बाकांकडे पुन्हा लक्ष वेधले आणि २००७ मध्ये ख्रिस्तोफर श्वार्झच्या पुस्तकाने अमेरिकेतल्या घरगुती कारागिरांना रूबोचे वेडच लावले. हाताने काम करणाऱ्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीचे बाक पुन्हा निवडले, कारण ते दुरुस्त करायला सोपे आहे आणि त्यात मोडण्यासारखे फार थोडे आहे.

आता लाकूड. इथे वाचकाची सर्वांत जास्त दिशाभूल होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. परदेशी पुस्तके बीच, मेपल, ओक यांची नावे घेतात आणि आपल्याकडचा माणूस ती शोधत फिरतो. बीच आता मोठ्या शहरांत आयात होऊन मिळते, पण रूबोने बीच निवडले ते ते जड होते, टणक होते आणि पॅरिसच्या आसपास मुबलक होते म्हणून. हीच तीन कारणे आपल्या वखारीत लावायची.

आपल्याकडे चांगले लाकूड म्हटले की सागवान. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची कीर्ती इतकी की अयोध्येतल्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड बल्लारपूरच्या आगारातून गेले. साग टिकाऊ आहे, ओलाव्याने फार हलत नाही, वाळवीला दाद देत नाही. पण बाकासाठी तो माझी पहिली निवड नाही. त्याचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, म्हणजे मध्यमच. त्यातल्या तेलाने पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि धरलेले लाकूड निसटते. त्यातली वाळूसारखी सिलिका रंध्याची धार पटकन उतरवते. दार, खिडकी, पेटी यांसाठी साग ठेवावा.

ऐन या कामाला फार योग्य आहे. घनमीटरला साधारण ८५० किलो, दाट, टणक, पश्चिम घाटापासून विदर्भापर्यंत सगळीकडे वाढणारा आणि सागापेक्षा स्वस्त. त्याचा एक दोष आहे : वाळताना तो तडकतो, विशेषतः घाईने उन्हात वाळवला तर. म्हणून ऐनाची दोन इंची फळी घ्यावी, टोकांना रंग किंवा मेण लावून सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचावी आणि घाई करू नये. रसकाष्ठाचा फिकट भाग काढून टाकावा, भुंगा तिथेच लागतो. पायांसाठी बाभूळ. बाभळीचे लांब सरळ लाकूड मिळत नाही, पण पाय तीन फुटांच्या आतले असतात. बैलगाडीच्या चाकाचे तुंबे आणि आरे, नांगर, कुऱ्हाडीचे दांडे यांत शतकानुशतके बाभूळ का वापरली जाते हे गाडी बनवणाऱ्या सुताराला विचारा : ती धक्का सोसते आणि चिरत नाही. पाट एका लाकडाचा आणि पाय दुसऱ्या हे रूबोनेच केले होते, तेव्हा ऐनाचा पाट आणि बाभळीचे पाय यात काही तडजोड नाही. मोगरीसाठी चिंचेचा तुकडा मिळाला तर सोडू नका.

आणखी एक वाट आहे, आणि मला ती सर्वांत प्रिय आहे. पुण्या-नाशकात, वाईला, कोकणात जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब विकायला येतात. ते लाकूड शंभर-दीडशे वर्षे छपराखाली वाळलेले असते. आता ते फारसे हलायचे नाही. तुळईतच बाकाचा अर्धा पाट दडलेला असतो. मात्र खिळे. चुंबक फिरवून, संशयाच्या जागी पटाशीने टोकरून प्रत्येक खिळा काढल्याशिवाय रंधा लावू नका. सागाविषयी वर जे म्हटले त्याला इथे अपवाद. वाड्याचा जुना साग मिळत असेल तर घ्यावा.

वजनाचा हिशोबही आधी करून ठेवावा. सहा फूट लांब, वीस इंच रुंद, चार इंच जाड पाटाला सुमारे ३.३ घनफूट लाकूड लागते. पाय आणि आडवी लाकडे धरून साडेपाच घनफुटांच्या आसपास. छाटणी आणि वाया जाणारा भाग लक्षात घेता आठ घनफूट घ्यावे. सागाचे असे बाक शंभर किलोच्या आसपास, ऐनाचे एकशेतीसच्या पुढे. हा भार हवाच आहे. रंधा मारताना बाक सरकू नये यासाठी त्याला भिंतीत खिळवण्याची गरज पडू नये. फ्लॅटमध्ये राहणारे स्लॅबची काळजी करतात. घरांच्या स्लॅबचा आराखडा चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून केलेला असतो, त्यामुळे खोलीत भिंतीलगत बाक ठेवायला अडचण नाही. खालच्या मजल्यावर मोगरीचा आवाज मात्र जातो. पायांखाली पातळ रबर घाला आणि पटाशीचे काम दुपारी करा.

ओलाव्याचा विषय आपल्याकडे टाळता येत नाही. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड हळूहळू सतरा-अठरा टक्के ओलाव्यावर स्थिर होते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात, २५-३० टक्के आर्द्रतेत, पाच-सहा टक्क्यांवर. जाड लाकूड एवढे हलत नाही, त्याच्या गाभ्यापर्यंत बदल पोचायला महिने लागतात. तरी आठ टक्क्यांचा फरक धरला तर सपाट चिरलेल्या फळ्यांचा बीचचा वीस इंची पाट सुमारे १६ मिलिमीटर आकुंचतो, सागाचा ७. यावर उपाय पाट बांधण्याच्या पद्धतीतच आहे. दोन इंची फळ्या चिरून, कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवल्या की पाटाची रुंदी फळ्यांच्या जाडीतून येते आणि त्या दिशेला लाकूड जवळजवळ निम्मेच हलते. फळ्या जोडताना सगळ्यांचा रेषांचा ओघ एकाच दिशेला ठेवा, म्हणजे पुढे पाट सपाट करताना रंधा कुठे उपटणार नाही. सागाच्या फळ्या असतील तर रंधल्या दिवशीच चिकटवा. एकदा तेल पृष्ठभागावर आले की फेविकॉल नीट धरत नाही.

लाकूड पुरेसे वाळले का हे कळायला महागडे यंत्र लागत नाही. एक तुकडा घेऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोला. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार आहे. हवेत वाळवताना दर इंच जाडीला एक वर्ष असा जुना अंदाज आहे, म्हणूनच चार इंची अखंड पाट नव्या लाकडाचा करू नये.

सांध्यांबद्दल एकच गोष्ट इथे सांगतो, बाकी प्रकरण सहामध्ये. पाय आणि आडवी लाकडे यांचा सांधा कुसू आणि खोबणीचा, आणि त्यात खुंटी. खुंटीचे भोक कुसवात खोबणीच्या भोकापेक्षा दीड-दोन मिलिमीटर खांद्याच्या बाजूला पाडायचे. टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली की ती किंचित वाकते आणि कुसवाला आत ओढून धरते. सरसाची गरज पडत नाही. खुंटी करवतीने कापून करू नका, ती रेषेवर फोडलेल्या लाकडाची हवी, म्हणजे वाकताना तुटत नाही. पाट मात्र पायांवर नुसता बसवा, चिकटवू नका. पावसाळ्यात पाट फुगला तर पाय किंचित बाहेर सरकतात आणि उन्हाळ्यात परत येतात. जुळवणी सैल नसेल तर वजन आणि डव्हटेल त्याला जागेवर ठेवतात. घर बदलायचे झाले तर पाट उचलून वेगळा नेता येतो, हाही फायदा.

उंचीविषयी सर्वांत जास्त चुकीचा सल्ला दिला जातो. स्वयंपाकघराच्या ओट्याएवढे उंच बाक दिसायला बरे, पण रंध्याला निरुपयोगी. रंधताना जोर खांद्यातून येत नाही, पायातून आणि कमरेतून येतो आणि त्यासाठी हातांवर वजन टाकता आले पाहिजे. रूबो बाक मांडीच्या वरच्या भागापेक्षा उंच ठेवत नाही. हात सैल सोडून सरळ उभे राहा, करंगळी जिथे तळहाताला मिळते तिथपर्यंतची उंची मोजा. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाला ती साधारण तीस-एकतीस इंच येते. बारीक कामासाठी ही उंची कमी पडते, तेव्हा वर ठेवायचा छोटा ठोकळा किंवा दुसरी उंच व्हाइस करता येते. त्याचा आराखडा शेवटी दिला आहे. उलट, उंच बाकावर नीट रंधता मात्र कधीच येत नाही. एकाच घरात दोन उंचीची माणसे काम करणार असतील तर बुटक्या माणसाच्या मापाने बांधावे.

पाट सपाट केल्यावर त्यावर पॉलिश किंवा व्हार्निश चढवू नका, लाकूड निसटेल. जवसाचे उकळलेले तेल दोन हात पुरे. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्यावर पसरून वाळवा. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेला की पाट पुन्हा एकदा तपासून रंधावा. दोन सरळ पट्ट्या टोकांना आडव्या ठेवून एकीच्या वरून दुसरी पाहिली की पीळ लगेच दिसतो. सगळा पाट आरशासारखा सपाट करण्याच्या नादी लागू नका. पुढची बारा इंच आणि अडसराच्या पुढचा भाग खरा असला पाहिजे.

बाक हाताच्या हत्यारांनीच बांधा, असा माझा हट्ट नाही. फळ्या चिरायला आणि जाडी काढायला वखारीतली यंत्रे वापरा, त्यात वेळ आणि कंबर दोन्ही वाचते. खोबण्या, कुसू, डव्हटेल मात्र स्वतः पाडा. बाकाचे सांधे मोठे असतात आणि मोठ्या सांध्यावर दोन मिलिमीटरची चूक दिसत नाही. पटाशी सरळ धरणे, करवत रेषेवर ठेवणे शिकायला याहून चांगली जागा नाही. तोवर काम कुठे करायचे? दोन भक्कम तिवया आणि त्यांवर पाटाचाच अर्धा चिकटवलेला भाग. बाक स्वतःच्याच अंगावर बांधले जाते.

पहिले प्रकरण वखारीतून सुरू होते. जाताना सोबत टेप, चुंबक, खडू आणि छोटा रंधा घ्या. रंध्याचा एक पदर काढल्याशिवाय आतली रेषा कळत नाही आणि चांगला वखारवाला त्याला हरकत घेत नाही. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात किंवा मुंबईत रे रोडला एक सकाळ द्या, चार वखारी पाहा, पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. घ्याल ते पक्क्या बिलावर घ्या, कारण ऐन आणि साग यांच्या तोडीवर आणि वाहतुकीवर महाराष्ट्रात कायद्याने नियंत्रण आहे. फळीची दोन्ही टोके पाहा. गाभ्याचे वर्तुळ फळीच्या आत असेल तर ती बाजूला ठेवा, ती तडकणारच. उरलेल्यांतून पाटासाठी सरळ रेषांच्या निवडा, पायांसाठी जाडीच्या. मग खडूने त्यांवर आपले नाव लिहा आणि घरी येऊन त्यांना जागा मोकळी करा.